रातबेडूक : ओढ्यावरच्या पानाला अंडी चिकटवणारा सह्याद्रीचा रहिवासी

पाचगणीपासून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या महाबळेश्वरची बेडकांच्या अभ्यासात खास नोंद आहे. इथे सापडलेल्या एका छोट्या बेडकाचं वर्णन १९५५ मध्ये भादुरी आणि कृपलानी या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलं. नामवंत पक्षी अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्यावरून त्याला 'निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी' हे शास्त्रीय नाव मिळालं. सोप्या भाषेत हा रातबेडूक.

ओळखायचा कसा?
लांबी जेमतेम चार-पाच सेंटिमीटर. रंग तपकिरी, अंगावर सुरकुत्या. बोटांच्या टोकांना चकत्या असल्यानं ओल्या दगडावर आणि पानावर तो पक्का बसतो. भातखाचरात हा सहसा दिसत नाही. याला झाडीतला वाहता ओढा लागतो. दिवसा दडून बसतो, रात्री बाहेर पडतो. या कुळातले रातबेडूक जगात फक्त पश्चिम घाटातच आहेत.

हुंबरळीत काय दिसलं?
पाटण तालुक्यात कोयनेजवळच्या हुंबरळी गावाजवळ प्रा. एस. डी. बिजू यांच्या चमूनं पावसाळ्यात ४० रात्री जागून या बेडकाचं निरीक्षण केलं. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

बहुतेक जातींत अंडी पडेपर्यंत नर मादीला घट्ट धरून ठेवतो. रातबेडकाचा नर मात्र तिला धरत नाही. मादीच्या पाठीवर बसून तो हात पानावर किंवा फांदीवर टेकतो आणि अंडी पडण्याआधीच बाजूला होतो. त्याचं वीर्य मादीच्या पाठीवरून ओघळतं आणि मग तिनं घातलेली अंडी फळतात. तोपर्यंत बेडकांच्या मिलनाच्या सहा पद्धती माहीत होत्या, ही सातवी ठरली. या जातीची मादीसुद्धा आवाज काढते. बेडकांत हे फार क्वचित आढळतं.

पान तुटलं तर?
अंडी पाण्यात नसतात. ओढ्यावर झुकलेल्या पानाला किंवा फांदीला चिकटलेली असतात. पिल्लं तयार झाली की थेट खालच्या पाण्यात पडतात आणि तिथेच वाढतात. म्हणजे वर पान आणि खाली वाहतं स्वच्छ पाणी, दोन्ही हवं. काठाची झुडपं साफ केली तर अंडी घालायला जागाच उरत नाही. पाण्यात औषध किंवा साबण गेला तर पिल्लं धोक्यात येतात.

एवढं करता येईल
• जून ते सप्टेंबर ओढ्याकाठची झाडी तोडू नये.
• फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे ओढ्यात धुऊ नयेत.
• पानावर जेलीसारखा अंड्यांचा पुंजका दिसला तर हात लावू नये, पान तोडू नये.
• रात्री फोटो काढताना बॅटरीचा झोत फार वेळ मारू नये.

बेडूक किडे खातात, तर साप आणि पक्षी बेडकांना खातात. ओढ्याकाठची ही साखळी गावाच्या हातात आहे. काठाचं झुडूप राहिलं, तर पुढच्या पावसातही तिथे रातबेडूक ओरडेल.