दुचाकीवरील आंतरराष्ट्रीय प्रवास : धाडस, यंत्र आणि परवानगी यांचा इतिहास (१९१२ ते २०२५)

प्रस्तावना

मानवाच्या प्रवासाचा इतिहास सामान्यतः दोन अंगांनी लिहिला जातो. एक अंग प्रवाशाच्या धाडसाचे, तर दुसरे वाहनाच्या प्रगतीचे. मोटारसायकलवरून अनेक देश ओलांडणाऱ्या प्रवाशांविषयीचे लेखनही यास अपवाद नाही. प्रवासी किती किलोमीटर गेला, किती देश पाहिले, गाडी कोणत्या कंपनीची होती, एवढ्यावर बहुतेक वर्णने थांबतात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास त्यापुढील प्रश्न पडतो. १९२३ साली मुंबईचे तरुण साध्या सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघू शकले; मग स्वतंत्र भारतात, मोटारसायकलचे उत्पादन देशातच सुरू झाल्यानंतरही, असे प्रवास अनेक दशके मोजकेच का राहिले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर धाडस व यंत्र यांपेक्षा 'परवानगी' या तिसऱ्या घटकात शोधण्याचा प्रयत्न केला आहे. पारपत्र, सीमाशुल्क, विदेशी चलन आणि खुली सीमा हे त्या परवानगीचे चार भाग होत.

उद्दिष्टे

१. सीमापार दुचाकी प्रवासाच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२. या प्रवासावर कायदे व कागदपत्रे यांचा झालेला परिणाम तपासणे.
३. एटापल्लीसारख्या दुर्गम तालुक्याच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे.

पूर्वरंग : मुंबईचे सायकलस्वार

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासास निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया ही त्यांची नावे. पंजाब व बलुचिस्तानातून इराण, इराक, सीरिया, इजिप्त, युरोप, अमेरिका, जपान, चीन, सयाम व ब्रह्मदेश असा त्यांचा मार्ग होता. हकीम, बापासोला व भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पूर्ण करून मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. त्यांचा वृत्तांत १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. याच काळात, १९२४ मध्ये, फ्रामरोझ दावर हेही मुंबईहून एकटे निघाले व सात वर्षांनी परतले.

या प्रवाशांच्या कष्टांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि तत्कालीन राजकीय नकाशाही लक्षात घेणे आवश्यक आहे. मुंबईपासून इराणच्या हद्दीपर्यंत त्या वेळी एकही आंतरराष्ट्रीय सीमा नव्हती. इराक ब्रिटिश अधिदेशाखाली होता, तर ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. म्हणजेच ज्या साम्राज्याने या तरुणांना पारतंत्र्यात ठेवले होते, त्याच साम्राज्याच्या विस्तारामुळे त्यांच्या वाटेतील काही दारे उघडी होती. हा विरोधाभास या विषयाच्या मुळाशी आहे. दुसरी बाब अशी की, सायकलला इंजिन क्रमांक नसतो व नोंदणीपुस्तकही नसते. पारपत्र लागे ते केवळ माणसाला.

फटफटीचे आगमन

मोटारसायकलवरील जगप्रवासाचा आरंभ सामान्यतः कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी या अमेरिकन तरुणापासून मानला जातो. १९१२ मध्ये डब्लिन येथून हेंडरसन मोटारसायकलवर निघालेला क्लॅन्सी युरोप, उत्तर आफ्रिका, सिलोन, चीन व जपान या मार्गाने १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. १९२८ मध्ये झोल्तान सुल्कोव्स्की व ग्युला बार्था हे हंगेरियन मित्र साइडकार जोडलेल्या हार्ले डेव्हिडसनवरून निघाले. त्यांचा प्रवास १९३६ पर्यंत चालला व त्यात हिंदुस्थानचाही समावेश होता. १९३२ मध्ये रॉबर्ट एडिसन फुल्टन हा अमेरिकन तरुण लंडनहून डग्लस मोटारसायकलवर निघाला आणि हिंदुस्थानमार्गे जपानपर्यंत गेला.

पुढे १९७३ मध्ये ब्रिटिश पत्रकार टेड सायमन यांनी ट्रायम्फ मोटारसायकलवर चार वर्षांचा जगप्रवास आरंभिला. त्यांनी ४५ देश पाहिले, त्यांत भारतही होता. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' या ग्रंथाने पुढील पिढीतील अनेकांना प्रवासास प्रवृत्त केले. या यादीतील प्रवासी युरोप व अमेरिकेतील आहेत, ही गोष्ट योगायोगाची म्हणता येणार नाही. तेथील नागरिकास भारतात फटफटी घेऊन येणे शक्य होते. त्याच काळात भारतीय नागरिकास तीच वाट उलट दिशेने चालणे अत्यंत कठीण होते.

वाहनाचे पारपत्र

सायकल व मोटारसायकल यांतील खरा फरक सीमेवरील नाक्यावर दिसतो. मोटारसायकल ही करपात्र वस्तू आहे. परदेशी प्रवाशाने ती देशात आणून विकली, तर त्या देशाचा आयात कर बुडतो. यावर उपाय म्हणून 'कार्नेट' नावाचे सीमाशुल्क पुस्तक प्रचारात आले. त्याची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. पुस्तकात गाडीचा इंजिन क्रमांक, चासी क्रमांक व किंमत नोंदविलेली असते. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात प्रवेश करताना सीमाशुल्क अधिकारी एक भाग काढून घेतो, बाहेर पडताना दुसरा. तिसरा भाग दोन्ही शिक्क्यांसह प्रवाशाकडे पुरावा म्हणून राहतो. गाडी बाहेर गेल्याचा शिक्का नसेल, तर कराची रक्कम कार्नेट देणाऱ्या संस्थेस भरावी लागते. त्यामुळे ती संस्था प्रवाशाकडून आधीच बँक हमी किंवा अनामत घेते. भारतात हे काम वाहनधारकांच्या मान्यताप्राप्त संघटना करतात. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही त्यांपैकी एक होय.

कार्नेटच्या जोडीला आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना लागतो. त्याची परंपरा १९०९ व १९२६ च्या पॅरिस करारांपासून १९४९ च्या जिनिव्हा करारापर्यंत येते. खाजगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीसंबंधीचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार १९५४ चा आहे. सर्वच देशांत कार्नेट लागते असे नाही. युरोपीय देशांत त्याची गरज पडत नाही. परंतु इराण, इजिप्त यांसारख्या देशांत ते लागत असल्याने भारतातून भूमार्गाने पश्चिमेकडे जाऊ पाहणाऱ्यास ते टाळता येत नाही. धाडसाइतकीच पत असल्यावाचून हा प्रवास घडत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

स्वातंत्र्योत्तर काळातील अडथळे

१९५५ पासून मद्रास येथे एनफिल्ड बुलेटची जुळणी सुरू झाली. पाठोपाठ जावा व राजदूत या गाड्या आल्या आणि बजाज समूहाने इटलीतील पियाज्जिओच्या सहकार्याने स्कूटर उत्पादनात पाऊल टाकले. यंत्र उपलब्ध झाले, तरी पुढील चार अडथळे कायम राहिले.

पहिला अडथळा फाळणीचा. पूर्वी एकसंध असलेल्या मार्गावर नवी सीमा उभी राहिली आणि १९५२ पासून भारत व पाकिस्तान यांच्यातील प्रवासास पारपत्र व व्हिसा यांची व्यवस्था लागू झाली. १९६५ व १९७१ च्या युद्धांनी ही वाट अधिकच अरुंद केली.

दुसरा अडथळा पारपत्राचा. १९६७ पर्यंत नागरिकास पारपत्र देणे वा नाकारणे हा शासनाच्या मर्जीचा भाग मानला जाई. सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला व त्यानंतर त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने हा हक्क अधिक दृढ केला.

तिसरा अडथळा विदेशी चलनाचा. १९४७ व १९७३ च्या विदेशी चलन नियमन कायद्यांमुळे सामान्य नागरिकास पर्यटनासाठी अत्यल्प परकीय चलन मिळे. परदेशाच्या तिकिटासाठीही रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' लागे. अशा स्थितीत वर्षभराचे पेट्रोल, मुक्काम व कार्नेटची हमी यांची तजवीज नोकरदार वा शेतकरी कुटुंबातील तरुणाने कोठून करावी? १९९९ चा विदेशी चलन व्यवस्थापन कायदा २००० मध्ये अमलात आला, तर २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीस वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविण्याची मुभा दिली. त्यानंतरच हे चित्र पालटले.

चौथा अडथळा भूराजकीय होय. १९७९ मधील इराणची क्रांती, त्याच वर्षाअखेर अफगाणिस्तानात शिरलेले सोव्हिएत सैन्य आणि १९८० पासूनचे इराण-इराक युद्ध यांमुळे युरोप व भारत यांना जोडणारा रुळलेला भूमार्ग विस्कळीत झाला.

मार्ग खुला होत असताना

२००४ नंतर अल्पावधीतच परिणाम दिसू लागला, ही बाब बोलकी आहे. विशाखापट्टणमचे भारद्वाज दयाला यांनी २००६-०७ मध्ये भारतीय बनावटीच्या करिझ्मा मोटारसायकलवर एकट्याने १६ देशांचा प्रवास केला. महाराष्ट्रातही हा प्रवाह पोचला. मार्च २०२३ मध्ये रमिला लटपटे या तरुणीने नऊवारी नेसून मुंबईहून मोटारसायकलवर जगप्रवासास प्रारंभ केला. मुंबईचे सायकलस्वार निघाले त्यास त्या वर्षी शंभर वर्षे होत होती. २०२५ मध्ये योगेश आळेकरी हे मुंबईहून निघून नेपाळ, चीन व मध्य आशियामार्गे ब्रिटनपर्यंत पोचले. त्यांची केटीएम मोटारसायकल त्याच वर्षी ऑगस्टअखेर नॉटिंगहॅम येथे चोरीस गेली आणि तिच्यासोबत पारपत्र व इतर कागदपत्रेही गेली. इतके देश मागे टाकणारा प्रवासी गाडी व कागद यांवाचून एका जागी अडकतो, हे या घटनेने दाखवून दिले.

मार्गातील बदलही विचारात घ्यावा. १९२३ चे प्रवासी बलुचिस्तानातून इराणात गेले. आळेकरी यांना हिमालय ओलांडून तिबेटच्या बाजूने जावे लागले. नकाशावर जवळ असलेली वाट राजकारणाने दूर केली. यंत्राच्या बाबतीत मात्र दिशा उलटली आहे. बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतल्यानंतर त्या कंपनीच्या लहान क्षमतेच्या गाड्या पुणे जिल्ह्यातील चाकण येथे बनून परदेशी जाऊ लागल्या.

एटापल्लीच्या संदर्भात

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील एटापल्ली तालुका छत्तीसगडच्या सीमेला लागून आहे. येथील माडिया गोंड समाजाचे नातेसंबंध व आठवडी बाजार सीमेच्या दोन्ही बाजूंस पसरलेले आहेत. या सीमेवर कोणी पारपत्र मागत नाही. येथे अडविणारी गोष्ट वेगळी आहे. पावसाळ्यात नाल्यास पूर आला की रपटे पाण्याखाली जातात. शेजारच्या भामरागडचा संपर्क पर्लकोटेच्या पुराने वारंवार तुटत आला आहे. गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या पट्ट्यातील रस्त्याचे उद्घाटन होऊन गर्देवाड्यास पहिली एस.टी. बस पोचली, ती १ जानेवारी २०२५ रोजी.

जेथे बस नाही, तेथे मोटारसायकल हे हौसेचे वाहन राहत नाही. रुग्णास दवाखान्यात नेणे, रेशन आणणे, विद्यार्थ्यास परीक्षा केंद्रावर पोचविणे ही कामे तीच करते. वाळूतून व चिखलातून गाडी काढणे, पूर असता ती डोंग्यावर चढवून पैलतीरी नेणे, हे कौशल्य येथील तरुणास रोजच्या जीवनातून लाभते. याच कौशल्यास शहरी प्रवासवर्णनांत धाडस म्हटले जाते. म्हणून 'एमएच ३३' क्रमांकाची गाडी आजवर जगप्रवाशांच्या यादीत ठळकपणे दिसली नसेल, तर त्याचे कारण येथील तरुणाच्या अंगच्या उणिवेत शोधणे अन्यायाचे ठरेल. पारपत्र, बँक हमी आणि सुमारे हजार किलोमीटरवरील मुंबईतून मिळणारे कार्नेट यांच्यापर्यंतचे अंतर हेच त्याच्यासाठी पहिले आंतरराष्ट्रीय अंतर होय.

निष्कर्ष

१. सीमापार दुचाकी प्रवासाचा वेग यंत्राच्या प्रगतीपेक्षा कायद्यातील बदलांशी अधिक निगडित राहिला आहे. देशात मोटारसायकल तयार होऊ लागल्यापासून सामान्य भारतीयास ती घेऊन जगप्रवास करणे आवाक्यात येईपर्यंत सुमारे पन्नास वर्षे गेली.

२. पारतंत्र्यातील सायकलस्वारांना खुली असलेली काही दारे स्वतंत्र भारताच्या नागरिकास बंद झाली. स्वातंत्र्याबरोबर नव्या सीमाही आल्या, हे सत्य प्रवासाच्या इतिहासातून ठळकपणे समोर येते.

३. १९६७ चा न्यायनिर्णय व २००४ ची चलनविषयक मुभा हे या इतिहासातील दोन निर्णायक टप्पे होत. प्रवासवर्णनांत मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

४. दुर्गम भागातील तरुणांस आंतरराष्ट्रीय प्रवासाची संधी मिळावयाची असेल, तर रस्ता व पूल यांबरोबर कागदपत्रांची माहितीही त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे. चालक परवाना, पारपत्र व आंतरराष्ट्रीय परवाना यांविषयीचे मार्गदर्शन महाविद्यालयांतून सहज देता येण्यासारखे आहे. गर्देवाड्यास बस पोचण्यास स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षे लागली. माहिती पोचण्यास तेवढा काळ लागण्याचे कारण नाही.