आरशातला डाव

१९७२ सालच्या जुलैची २७ तारीख. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की जगज्जेतेपदाच्या सामन्यातील आठव्या डावाला बसले. पहिला डाव हरून आणि दुसऱ्याला हजरच न राहून फिशरने स्पास्कीला दोन गुणांची आघाडी बहाल केली होती. पण सात डावांअखेर तोच ४–३ असा पुढे होता. १९४८ पासून सोव्हिएत खेळाडूंच्या घरी नांदलेले पद डळमळू लागले होते.

फिशर म्हणजे राजापुढचे प्यादे सारणारा गडी. पण सहाव्या डावाप्रमाणे याही वेळी त्याने वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे सारले. १८४३ साली पॅरिसला इंग्रज स्टॉन्टनने सेंट-आमांविरुद्ध हा आरंभ योजला. तेव्हापासून हा ‘इंग्लिश’. स्पास्कीनेही तीच खेळी केली. मग घोड्याला घोडा, उंटाला उंट, किल्लेकोटाला किल्लेकोट! सहा खेळ्या पट जणू आरशापुढे ठेवलेला. असले डाव नीरस, असे म्हणणारे पुष्कळ. मला ते पटत नाही. सैन्ये सारखी असली तरी पुढची खेळी पांढऱ्याचीच असते. सातव्या खेळीला वजिरापुढचे प्यादे सारून फिशरने आरसा फोडला.

चौदाव्या खेळीला स्पास्कीने कडेचे प्यादे एक घर सरकवले, पंधराव्याला त्याच्या शेजारचे दोन घरे. दिसायला चढाई, पण पहिल्याने कडेचे एक घर मोकळे झाले आणि दुसऱ्याने फिशरच्या दबा धरून बसलेल्या उंटाचा तिरपा रस्ता खुला झाला. फिशरचा दुसरा उंट त्या मोकळ्या घरात जाऊन बसला. स्पास्कीचा हत्ती कोंडला! जावे तिथे कोणता ना कोणता उंट टपलेला. हत्तीच्या बदल्यात हाती आले ते उंट आणि एक प्यादे.

हे जाणूनबुजून दिलेले बलिदान म्हणावे, तर एकोणिसाव्या खेळीला घोडा मागे घेऊन स्पास्कीने तेवढाही मोबदला घालवला. फिशरचा घोडा मध्यावर उतरला. स्पास्कीने वजीर मारला, तर फिशरने तो लगेच परत न मारता आधी घोड्याने प्यादे टिपून शह दिला! मग सावकाश हत्तीने वजीर घेतला. माझ्या मते ती शुद्ध चूकच होती, आणि तीही जगज्जेत्याची.

सदतीस खेळ्यांत स्पास्कीने डाव सोडला. फलकावर ५–३ लागले.