मळीची जमीन कुणाची?

गेल्या रविवारी पंचगंगा घाटावर नातवाने विचारले, "आजोबा, ही काठची जमीन कुणाची?" "सरकारची," म्हणालो खरा, पण उत्तर अर्धवटच होते. म्हणून हे लिहायला बसलो.

नदी आणि तिचे पात्र सरकारचे, हे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत होते. १९४९ च्या विलीनीकरणानंतर तो कायदा आपल्या संस्थानी मुलखातही आला. १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्राची स्वतःची संहिता लागू झाली; तिचे कलम २० हेच सांगते. पण नदी कागद वाचून थोडीच वाहते? एका काठची माती खाते, दुसऱ्या काठाला मळी आणून टाकते. कायद्याने त्याचाही विचार केला आहे. काठाला नवी मळी साचली, तर लगतच्या शेतकऱ्याने ती तात्पुरती वापरावी. एक एकराच्या वर गेली, की कलेक्टरच्या अखत्यारीत. द्यायचीच ठरली तर आधी त्याच शेतकऱ्याला विचारायचे. उलट अर्धा एकर किंवा जास्त जमीन वाहून गेली, तर सारा कमी होतो.

माझ्या मामांकडे अशी मळी होती. तिथली वांगी लहानपणी भरपूर खाल्ली. मामांनी तिथे खोपीपलीकडे काही बांधले नाही. म्हणायचे, "नदीनं वापरायला दिलीया, ऱ्हायला न्हवं."

पिकाचा प्रश्न असा सुटला, घरांचा नाही. १९८९ च्या महापुरानंतर चिखली, आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या. पण शेते आणि गोठे खालीच राहिले, तेव्हा बरीच माणसेही खालीच राहिली. पुढे २००५, २०१९, २०२१ ला पुन्हा तेच.

आता पूररेषा आहेत. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटी.

मंडळी, एक कबुली द्यायची आहे. १९९४ साली धाकट्या भावाला जयंती नाल्याजवळचा प्लॉट मीच घ्यायला लावला. शिकलेला मोठा भाऊ ना मी! उतारा पाहिला, शिक्के पाहिले. सगळे चोख होते. पूर कुठवर येतो, हे मात्र शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारले नाही. २०१९ ला त्याच्या घरात कमरेएवढे पाणी होते, २०२१ ला छातीएवढे. तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही. हे वाचेलच.

असो. नातू दिवाळीला येईल तेव्हा त्याला काकाआजोबांच्या भिंतीवरची पाण्याची खूण दाखवणार आहे. उरलेले उत्तर तिथे आहे.