कांद्याचा भाव कोण शोधतंय?

देवळ्यातून बोलतोय, जिल्हा नाशिक. आपल्याकडे रोजचा प्रश्न एकच, "उमराण्याला आज काय भाव निघाला?" पूर्वी तो पारावर विचारायचे, तिथेच विरून जायचा. १९८० साली शरद जोशींच्या कांदा आंदोलनात जिल्हा पेटला होता, पण तेव्हा घराघरात काय विचारत होते याची नोंद कुठे आहे? आज हाच प्रश्न मोबाइलमध्ये टाइप होतो आणि नोंद राहते.

ही नोंद बघायला गुगल ट्रेंड्स आहे. सुरू झालं २००६ मध्ये, आकडे मात्र २००४ पासूनचे. फुकट. शब्द टाका, महाराष्ट्र निवडा, आलेख हजर. पण त्यातला १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत बरं का! एकूण शोधांमध्ये त्या शब्दाचा वाटा सगळ्यात जास्त होता, तो काळ म्हणजे १००. वाटा त्याच्या निम्मा, तर ५०.

इथेच गंमत आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, स्वस्त डेटा शिवारात पोचला. शोधणारे वाढले, पण ते काय नुसता कांदाच शोधत होते? गाणी, क्रिकेट, भरतीच्या जाहिराती... म्हणजे छेदच फुगला. भाव शोधणारे दुप्पट झाले तरी रेघ खाली येऊ शकते. आणि कुणीतरी लिहून मोकळा होईल, "शेतकऱ्याचा भावातला रस कमी झाला."

दुसरी अडचण लिपीची. देवनागरीतला 'कांदा भाव' वेगळा, रोमनमधला वेगळा, 'ओनियन प्राइस' आणखी वेगळा. मी तिन्ही टाकून मध्ये अधिकचं चिन्ह देतो, मग बेरीज दिसते. व्हॉट्सअॅपवर अहिराणीत विचारलेला भाव मात्र त्यात येतच नाही. आणि शोध फारच कमी असले की ट्रेंड्स सरळ शून्य दाखवतं. छोट्या गावांचं हेच होतं.

आता मला खरं टोचतं ते. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनीऑर्डर केले. वर्षभराने, डिसेंबर २०१९ मध्ये, शहरांत कांदा शंभरी पार गेला. ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, इथले लिलाव बंद पडले. अशा दिवसांत आलेख वर गेला, तर बोट कुणाचं होतं? पिशवी घेऊन निघालेल्या मुंबईकराचं, की ट्रॅक्टर भरून उभ्या असलेल्या आपल्या माणसाचं? रेघ दोघांची एकच.

म्हणून मी आलेखाशेजारी बाजार समितीचे त्या दिवसाचे आवक आणि भाव ठेवतो. भाव पडला असताना शोध वाढला, तर शोधणारा बहुधा इकडचा, असा माझा अंदाज. पुरावा नाही, अंदाजच.

तुम्हीही करून बघा. फक्त आलेख उतरवलात ती तारीख लिहून ठेवा. ट्रेंड्स सगळे शोध मोजत नाही, नमुना घेतं, त्यामुळे उद्या तेच आकडे थोडे इकडेतिकडे होतात.