जे.जे.च्या व्हरांड्यात, 1896

मोबाइल इथेच ठेवा. मास्कही. आणि प्लेगबद्दल शाळेत जे शिकलात तेही मागे सोडा. उंदराच्या अंगावरची पिसू चावते आणि माणसाला प्लेग होतो, हे वाक्य तुम्ही जिथे निघालात त्या काळात कुणीच बोलत नाही. प्राध्यापक बोलत नाहीत, सरकारी डॉक्टर बोलत नाहीत. तुम्हीही बोलायचं नाही.

ऑक्टोबर 1896, मुंबई. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात. मॅट्रिक होऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झालात. मुंबई विद्यापीठाची एल. एम. अँड एस. पदवी मिळाली की डॉक्टर म्हणवून घ्याल. राहता गिरगावातल्या चाळीत, तिघांत एक खोली, जेवण खाणावळीत. सकाळी धोतरावर कोट चढवायचा, डोक्यावर टोपी ठेवायची आणि भायखळ्याच्या वाटेला लागायचं. कॉलेज 1845 सालचं, गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचं. त्याला लागूनच सर जमशेटजी जिजीभाईंचं इस्पितळ, म्हणजे जे.जे. भाऊ दाजी लाड इथल्याच पहिल्या तुकडीचे. तुमच्या वर्गात पारशी आहेत, गोव्याचे ख्रिस्ती आहेत, कोकणातले आणि घाटावरचे आहेत. 1883 पासून मुलींनाही इथे प्रवेश आहे. शिकवणं सगळं इंग्रजीत. घरी रत्नागिरीला वडिलांना पत्र लिहायचं ते मात्र मोडीत.

या महिन्यातलं पत्र काही केल्या पुरं होत नाही. काय लिहायचं? मांडवीच्या धान्याच्या वखारींत उंदीर मरून पडताहेत, हे? की तिथल्या माणसांना सणकून ताप भरतो, जांघेत किंवा काखेत गाठ येते आणि चार दिवसांत कारभार आटोपतो, हे? सप्टेंबरच्या 23 तारखेला डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी महापालिकेच्या स्थायी समितीत हा प्लेग असल्याचं जाहीर केलं. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, आणि शिकले तुमच्याच कॉलेजात. त्यामुळे आवारात त्यांचं नाव जरा अभिमानाने घेतलं जातं. बाहेर शहरात मात्र पुष्कळांना हा माणूस उगाच घबराट पसरवतोय असं वाटतं. व्यापार बुडेल, बंदरं आपला माल घेणार नाहीत, ही भीती मोठी.

प्लेगचा जंतू कुणाला ठाऊक नाही असं नाही. दोनच वर्षांपूर्वी, 1894 मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्सांद्र येरसँ यांनी तो शोधला. सूक्ष्मदर्शकाखाली तो तुम्ही स्वतः पाहाल. पण हा जंतू एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? इथे सगळे चाचपडताहेत. कुणी म्हणतं घाणीतून, कुणी म्हणतं ओलसर जमिनीतून, कुणी धान्याच्या पोत्यांवर बोट ठेवतं. जुन्या वैद्यकाचा भर दूषित हवेवर, तेव्हा उपायही तसेच. बंबाला आग विझवायला जुंपावं तसं घरांत पाण्याचा मारा चालतो, पाण्यात जंतुनाशक मिसळलेलं. गटारं धुऊन काढतात, भिंतींना चुना फासतात, कौलं काढून अंधाऱ्या खोल्यांत ऊन सोडतात. घराघरांतून कार्बोलिकचा वास येतो. उंदीर एका घरातून उठून शेजारच्या घरात जातात. त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नाही.

ऑक्टोबरच्या 6 तारखेला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांचा हुकूम निघाला: रोगी सापडला की त्याला सक्तीने इस्पितळात हलवायचं. त्या दिवसापासून तुमचा कोट चाळीत लोकांच्या डोळ्यांत खुपू लागला. जिन्यात भेटलात की बोलणी थांबतात. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू, ज्या दर गुरुवारी तुम्हाला वाटीभर काहीतरी पाठवायच्या, त्या दारातच उभ्या राहून सांगतात, "बाळ, आमच्याकडे कुणी आजारी नाही हो. तुझ्या साहेबांना काही सांगायला जाऊ नकोस." आतून खोकल्याचा आवाज येतो. तुम्ही मान डोलावता आणि पुढे जाता. वैद्यकाच्या कुठल्या पुस्तकात या प्रसंगाचं प्रकरण नाही.

महिनाअखेर, 29 तारखेला, सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर चाल करून जातात. तिथे माणसं बरी करत नाहीत, मारून टाकतात, असं शहरभर पसरलेलं असतं. भंगी-हलालखोर काम सोडून गेले तर शहर राहण्याजोगंच उरणार नाही, हीही धास्ती सरकारला असते. हुकूम सैल होतो. दुसऱ्या दिवशी तुमच्या वर्गात चर्चा एकच: लोक अडाणी की सरकार? दोन्ही बाजूंनी आवाज चढतात. आर्थर रोडवरच्या त्या कामगारांशी मात्र वर्गातलं कुणीच बोललेलं नसतं.

आता आवारात या. पेटिट प्रयोगशाळेच्या बाजूला एक लहान खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा. तिथे एक परदेशी गृहस्थ दिवसरात्र काम करताना दिसतात. वाल्देमार हाफकिन, वय 36, जन्म ओडेसाचा, घराणं ज्यू, शिक्षण रशियात, काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. पटकीची लस त्यांनी 1892 मध्ये स्वतःला टोचून घेतली होती, आणि 1893 पासून बंगालकडे ती हजारोंना टोचली. मुंबईत प्लेग निघाला तसं सरकारने त्यांना इकडे बोलावलं. हाताखाली एक कारकून आणि तीन पट्टेवाले. पुढच्या तीन महिन्यांत एक मदतनीस मनाने खचेल, दोन काम सोडून जातील.

व्हरांड्यातून वर्गावर जाताना तुमची पावलं मंद होतात. मांडणीवर काचेचे चंबू ओळीने ठेवलेत, आत मांसाचं पातळ सूप. आणि वर? वर तूप तरंगतंय. तुम्ही दचकता. हे आईच्या फडताळातलं द्रव्य इथे कसं? पण युक्ती साधी आहे. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबांना चिकटून वाढतात आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे खाली सुपात लोंबतात. चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी बसतात, वर नवे धरतात. असं काही आठवडे चालू ठेवायचं. मग ते सगळं तापवून जंतू मारायचे, वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. मेलेल्या जंतूंचा हा गढूळ द्रव म्हणजे लस. पुढे सुपासाठी बोकडाचं मांस वापरायचं ठरलं, कारण गाय आणि डुक्कर म्हटलं की शहरातल्या एकेका समाजाने सुईला हात लावू दिला नसता. लस बनवणाऱ्याला या शहराच्या स्वयंपाकघराचीही माहिती ठेवावी लागली.

डिसेंबरपर्यंत लस टोचलेले ससे प्लेगपासून वाचू लागलेत. आवारात कुजबुज सुरू होते: आता माणूस कोण?

तोवर शहर रिकामं होत चाललंय. भाऊच्या धक्क्यावर कोकणच्या बोटींना ही गर्दी, बोरीबंदरला गाड्यांत शिरायला जागा नाही. आठ लाखांच्या वर वस्ती असलेल्या मुंबईतून फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मी माणसं निघून जातील. तुमचा एक खोलीसोबती सावंतवाडीला गेला. दुसऱ्याला वडिलांनी तारेने बोलावून घेतलं. खाणावळीत पानं कमी मांडली जातात. एक दिवस आचारीच येत नाही. तुमच्याही घरून निरोप आलाय. जायचं की राहायचं? राहिलात तर इस्पितळातल्या खाटा पाहायला मिळतील. गेलात तर जीव वाचेल. आणि जाताना रोग गावात घेऊन गेलात तर? त्या गर्दीबरोबर साथ रेल्वेने आणि बोटीने मुलुखभर पसरते आहे. तुम्ही राहता. धैर्याने राहता की परीक्षेपायी, हे तुमचं तुम्हालाही सांगता येणार नाही.

10 जानेवारी 1897. हाफकिन स्वतःच्या शरीरात लस टोचून घेतात, तीही 10 घन सेंटिमीटर, पुढे लोकांना दिल्या गेलेल्या मात्रेच्या कितीतरी पट. सडकून ताप येतो, टोचल्या जागी असह्य दुखतं, आणि काही दिवसांत ते पूर्ववत होतात. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरते. तिथल्या कैद्यांपैकी साधारण निम्मे लस घ्यायला पुढे होतात. मग हिशेब मांडला जातो: न टोचलेल्यांत 12 जणांना प्लेग, त्यांतले 6 दगावले, टोचलेल्यांत आजारी 2, मृत्यू एकही नाही. आजच्या डोळ्यांना त्या चाचणीत खोट दिसते. तुरुंगातल्या माणसाच्या होकाराला किती अर्थ, हा प्रश्न 1897 च्या वर्गात कुणी विचारत नाही. तुम्ही 2020 पाहून आलेले आहात; निदान तुमच्या मनात तो यायला हवा.

कैद्यांवरचे आकडे चाळीत चालत नाहीत. काकूंना आकडा सांगून बघा; त्या म्हणतील, "तुरुंगातल्यांचं काय सांगतोस!" लोक बघतात ते कोणाचा दंड पुढे झाला हे. खोजा समाजाचे आगाखान तेव्हा एकोणीस वर्षांचे, बरोबर तुमच्या वयाचे. त्यांनी आपल्या लोकांसमोर लस टोचून घेतली आणि पुढे आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिला. त्यामागून त्यांच्या समाजातले लोक हजारोंनी आले.

सरकारने मात्र दुसरी वाट धरली. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. मार्चमध्ये जनरल गेटेकर यांच्या हाती मुंबईची प्लेग समिती आली. आता घरांची झडती, रेल्वे स्थानकांवर तपासणी, परक्या पुरुषांनी बायकांच्या काखा चाचपणं. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजीत 'यू. एच. एच.' अशी तीन अक्षरं रंगवली जातात. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांनी हाच कारभार आणखी कठोरपणे चालवला आणि 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ती बातमी कॉलेजात येते तेव्हा प्राध्यापकांसमोर कुणी बोलत नाही. बाहेर पडल्यावर बोलायचं कुणी थांबत नाही.

त्याच वर्षी जगभरचे शास्त्रज्ञ मुंबईत उतरतात. येरसँ आपलं सीरम घेऊन येतात. जर्मन मंडळाबरोबर रॉबर्ट कॉख येतात. ऑस्ट्रियाहून डॉक्टरांचं पथक येतं. त्यातले हेर्मान म्युलर पुढच्या वर्षी व्हिएन्नात, प्रयोगशाळेतूनच सुरू झालेल्या लागणीत, प्लेगने मरतील. ज्यांची नावं पुस्तकात वाचायची ते तुमच्या शहरात घाम पुसत फिरताहेत, एकमेकांचं म्हणणं खोडताहेत आणि पिसू त्यांच्याही नजरेतून सुटते आहे.

इथून आणखी थोडं पुढे चला. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ कराचीत उंदीर आणि पिसू यांचा संबंध दाखवून देतात, आणि वर्षानुवर्षं कुणी ते मानत नाही. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये जाते. आजची हाफकिन संस्था तीच. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला एका बाटलीतली लस टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने मरतात. ठपका हाफकिन यांच्यावर येतो आणि तो पुसायला 1907 उजाडतं. पिसूचं म्हणणंही त्याच सुमारास, परळच्याच प्रयोगांतून, पक्कं ठरतं. तोवर तुम्ही डॉक्टर होऊन काही वर्षं लोटलेली असतील.

आता परत या. मार्च 2020. महाराष्ट्रात लागू झालेला कायदा 1897 चाच. वसतिगृहं रिकामी करायला सांगितली, मुलं मिळेल त्या गाडीने गावी गेली, वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आले आणि रेंज मिळवायला कुणी टेकडीवर, कुणी गच्चीवर बसलं. अंतिम वर्षाची परीक्षा व्हावी की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 28 ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेवाचून पदवी नाही. जे.जे.सारख्या इस्पितळांत शिकणारे निवासी डॉक्टर पीपीई घालून कोविड वॉर्डांत उभे होते. आपण भाज्या धुतल्या, पार्सलं पुसली, रस्त्यांवर सोडियम हायपोक्लोराइट फवारलं. विषाणू हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट शब्दांत मांडलं ते 2021 मध्ये. कार्बोलिकच्या जागी हायपोक्लोराइट, एवढाच फरक.

म्हणून 1896 च्या मंडळींना हसू नका. साथीच्या काळात शिकणाऱ्याच्या वाट्याला वर्ग कमी येतात, हे खरं. पण त्याला एक गोष्ट दिसते जी इतर तुकड्यांना दिसत नाही: पुस्तकात छापलं जाण्याआधीचं शास्त्र. ते अर्धं चुकलेलं असतं, भांडत असतं, तुपाच्या थेंबावर अडलेलं असतं आणि काकूंच्या दारात निरुत्तर होतं. 'कोविड बॅच' म्हणून ज्यांना नोकरीच्या मुलाखतीत हिणवलं गेलं, त्यांनी हे ठणकावून सांगावं. तज्ज्ञांना 'अजून ठाऊक नाही' म्हणताना त्यांनी पाहिलंय, आणि ठाऊक नसताना दंडुका उगारला की काय होतं तेही पाहिलंय. पदवीच्या कागदावर याचे गुण नाहीत. पुढची साथ येईल तेव्हा मात्र शहराला हीच माणसं लागतील. तोवर त्यांनी एवढंच करावं: 2020 मध्ये जे पाहिलं ते तारीखवार लिहून ठेवावं, चुकांसकट.