न विचारलेला प्रश्न

खुनी माणसाची हकीकत वाचतांना त्याच्या क्रौर्याकडे आपलें लक्ष सहज वेधतें. त्या क्रौर्याला गिऱ्हाईक कोण होतें, हें आपण क्वचितच विचारतों. एडिंबरो शहरांतील बर्क आणि हेअर यांचें प्रकरण मात्र हा प्रश्न टाळूं देत नाहीं.

त्या काळीं एडिंबरोची वैद्यकविद्या यूरोपभर नांवाजलेली होती. शरीररचना शिकावयाची तर प्रेत हवें. आणि कायदा विच्छेदनासाठीं देई तीं मुख्यत्वें फांशी गेलेल्या खुन्यांचीं. विद्यार्थी पुष्कळ, प्रेतें थोडीं. साहजिकच थडगीं उकरून प्रेतें चोरण्याचा धंदा तेजींत आला. १८२७ च्या नोव्हेंबरांत हेअरच्या घरीं भाड्यानें राहणारा एक म्हातारा चार पौंड थकवून आपल्या मरणानें मेला. बाकी वसूल व्हावी म्हणून हेअर व बर्क यांनीं त्याचें प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीरशास्त्राच्या वर्गांत विकलें. साडेसात पौंड रोख मिळाले. प्रेत कोणाचें, हें कोणीं विचारलें नाहीं. या मौनांतच पुढील सोळा खुनांचें बीज आहे.

मरणाची वाट पाहण्यापेक्षां तें घडवून आणणें सोपें, हें दोघांनीं ओळखलें. निराधार माणसें हेरावयाचीं, त्यांना दारू पाजावयाची आणि श्वास कोंडून मारावयाचें. अंगावर खूण म्हणून राहत नसे. हिवाळ्यांत दहा पौंड, उन्हाळ्यांत आठ, असा भाव ठरून गेला. रस्त्यांतून हिंडणारा भोळसट जेमी विल्सन साऱ्या शहराच्या ओळखीचा. त्याचें प्रेत विद्यार्थ्यांनीं ओळखलें. नॉक्स यांनीं तें त्याचें नव्हेच असें सांगून विच्छेदन उरकलें.

३१ ऑक्टोबर १८२८ रोजीं बर्कच्या घरीं एका आयरिश बाईचा बळी गेला. तेथें उतरलेल्या ग्रे नांवाच्या कफल्लक जोडप्याला दुसऱ्या दिवशीं गवताखालीं तिचें प्रेत दिसलें. गप्प बसाल तर आठवड्याला दहा पौंड मिळतील, अशी लालूच बर्कच्या सोबतिणीनें दाखविली. त्यांनीं ती झिडकारली आणि पोलिसांत वर्दी दिली. जो प्रश्न विद्वान् शिक्षकानें विचारला नाहीं, तो या दरिद्री दांपत्यानें विचारला!

पुरावा तोकडा, म्हणून हेअरला माफी देऊन साक्षीदार करण्यांत आलें. बर्क २८ जानेवारी १८२९ रोजीं हजारों लोकांसमक्ष फांशी गेला. त्याच्याहि प्रेताचें विच्छेदन झालें आणि सांगाडा विद्यापीठाच्या संग्रहालयांत आला. हेअर सुटला. नॉक्स यांच्यावर खटलाहि झाला नाहीं.

१८३२ च्या कायद्यानें दीनगृहांत मेलेल्यांचीं बेवारशी प्रेतें वैद्यकशाळांना मिळूं लागलीं. प्रेतांसाठीं खून करण्याचें कारण त्यामुळें उरलें नाहीं, हें खरेंच. पण विद्येसाठीं देह द्यावयाचा तो गरिबानें, हा नियम कायम राहिला. आपखुशीनें देहदान करण्याची आजची चाल हेंच या प्रकरणाचें खरें उत्तर होय. कारण तींत देणाऱ्याला आधीं विचारलेलें असतें.