गादीवाफ्याचे कूळ

नेरूळ, खारघर, उलवे इथल्या सोसायट्यांच्या आवारात हल्ली विटा किंवा फळ्या रचून केलेले लांबट चौकोन दिसतात. आत लाल माती, शेणखत, कोकोपीट. रविवारी सकाळी घरातला कर्ता पुरुष घमेली ओतत असतो, आजी ढेकळे फोडत असते आणि मुले मेथीचे दाणे ओळीत टाकायचे सोडून मुठीने फेकत असतात. हे काय आहे, असे विचारले की उत्तर येते, ‘रेझ्ड बेड’. व्हिडिओत पाहिलेले असते, चौकट ऑनलाइन मागवलेली असते. त्यामुळे ही विलायती टूम आहे असा समज होतो. चौकट विलायती आहे, हे खरे. आतला वाफा मात्र इथलाच आहे आणि त्याचे मराठी नाव कृषी खात्याच्या पत्रकांत छापलेले असते: गादीवाफा.

महाराष्ट्रात वाफ्याची दोन घराणी आहेत. देशावर पाणी तोलूनमापून द्यायचे, म्हणून तिथला वाफा सपाट. चारही बाजूंनी वरंबे घालायचे, विहिरीचे पाणी पाटाने आणून आत कोंडायचे आणि मुरू द्यायचे. कोकणात गणित उलटे. चार महिन्यांत दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. मुळांपाशी पाणी साचले की मातीतली हवा जाते, रोप पिवळे पडते आणि बुडाशी कुजते. तिथे पाणी आणण्यापेक्षा घालवणे महत्त्वाचे. म्हणून माती वर उचलायची आणि दोन वाफ्यांमध्ये चर ठेवायचा. गादीवाफा जन्मला तो या गरजेतून.

त्याचा कोकणातला जुना भाऊबंद म्हणजे भाताचा राब. शेतातला उंचवट्याचा, निचऱ्याचा तुकडा निवडायचा, त्यावर शेण, टहाळ, गवत, पालापाचोळा यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तो भाजायचा. पहिल्या पावसानंतर त्यात दाणे फेकायचे आणि रोप हाताशी आले की आवणी, म्हणजे रोपांची लावणी. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये राबाचे वर्णन आहे. राबासाठी झाडांच्या फांद्या छाटण्यावरून इंग्रजांचे जंगल खाते आणि ठाणे-कुलाब्याचे (कुलाबा म्हणजे आताचा रायगड जिल्हा) शेतकरी यांच्यात इतके वाजले की १८८० च्या दशकात सरकारला त्यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांबरोबर राबावर प्रयोग केले आणि १९१२ मध्ये ते प्रसिद्ध केले. राखेच्या खताइतकाच जमीन तापण्याचाही रोपाला फायदा होतो, हे त्यातून पुढे आले. आज दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ भाताच्या रोपवाटिकेसाठी सरळ गादीवाफाच करायला सांगते. रुंदी मीटर-सव्वा मीटर, उंची वीतभर किंवा त्याहून थोडी कमी. आले-हळदीचेही असेच. कंद पाण्यात राहिला की सडलाच.

हे झाले वरकस आणि गोड्या जमिनीचे. नवी मुंबईची खरी माती खाडीकाठची, म्हणजे खार. भरतीचे पाणी अडवून, मातीचे बांध घालून पनवेल, उरण, पेण, अलिबाग या पट्ट्यात शेती उभी राहिली. ज्यांनी बांध घातले त्या शिलोत्रींच्या वहिवाटीची नोंद जुन्या महसुली कागदांत आहे. उधाणाला बांधाला खांड गेली की अख्खा गाव टोपल्या घेऊन धावायचा, कारण एका शेतात खारे पाणी शिरले की शेजारचेही वाचत नसे. पावसाचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खाडीत सोडायचे आणि भरती आली की उघाडी बंद. पुढे सरकारने १९४८ चा खारजमीन कायदा केला, मग १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला. पनवेलला खारजमीन संशोधन केंद्र आहे. खाऱ्या मातीत तगणारे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ हे भाताचे वाण तिथलेच.

खार जमिनीत उंच वाफ्याची एक गोम आहे आणि ती भाजी लावणाऱ्याला माहीत असलेली बरी. पावसाळ्यात उंच वाफ्यातले मीठ पाण्यात विरघळून चरात उतरते, हा फायदा. पावसाळा सरला आणि चरातून पाणी देऊ लागलो की खेळ फिरतो. पाणी मातीतून वर चढते, उन्हाने उडून जाते आणि मीठ वाफ्याच्या माथ्यावर पांढऱ्या पापुद्र्यासारखे जमते. म्हणून अशा जमिनीत रोप माथ्यावर लावायचे नाही, खांद्यावर, म्हणजे उतारावर लावायचे आणि माथा पेंढ्याने झाकायचा.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे नव्या शहरासाठी धरली गेली. भातखाचरे, मिठागरे आणि परसातल्या भाजीच्या वाड्या संपादनात गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तान भागात शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमीन परत मिळाली ती भूखंड म्हणून. तिथे इमारती उभ्या राहिल्या. सखल भागावर मुरमाचा भराव पडला, वाशी-बेलापूरकडे भरतीच्या वेळी पावसाचे पाणी थोपवायला धारण तलाव खोदले गेले. १९९६ मध्ये मुंबईचा भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार वाशीला आला. भाजी पिकवणाऱ्या खाडीकाठावर आता नाशिक-पुण्याहून ट्रकने भाजी येऊ लागली.

सोसायटीच्या आवारात कुदळ मारून पाहा. वितीभर खाली मुरूम, सिमेंटचे तुकडे, फरश्यांचे कपचे. अशा भरावात मुळे उतरत नाहीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांशेजारच्या किंवा हमरस्त्यालगतच्या मातीत पालेभाजी लावू नये ते वेगळेच. म्हणजे पूर्वी पाण्यासाठी माती उचलावी लागे, आता खालची माती मातीच राहिली नाही म्हणून ती वर आणून ठेवावी लागते. गादीवाफ्याला शहरात दुसरे कारण मिळाले.

विलायती शाखेचीही थोडी माहिती हवी. मेक्सिको शहरात सोचिमिल्को इथे तळ्यातला गाळ उपसून केलेली चिनांपा ही उंच शेते स्पॅनिश लोक येण्याच्या आधीपासूनची आहेत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या भाजीवाल्यांनी शहरातल्या घोड्यांच्या लिदीवर दाट लागवडीचे उंच वाफे पिकवले. मोटारी आल्या, घोडे गेले आणि तो धंदा आटला. १९६७ मध्ये ॲलन चॅडविक यांनी कॅलिफोर्नियात, सांताक्रूझच्या विद्यापीठात, ती पद्धत शिकवायला घेतली. जॉन जेव्हन्स यांनी १९७४ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले आणि १९८१ मध्ये मेल बार्थोलोम्यू यांनी वाफ्याचे फूट-फूटभर चौकोन पाडून ती घरगुती केली. आपल्या फोनवर येते ती ही शेवटची आवृत्ती.

त्याच काळात महाराष्ट्रात काय चालले होते? कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर शेतकऱ्यांना ‘प्रयोग परिवारा’त जोडत होते. त्यांचा हिशेब उत्पन्नाच्या आकड्यापासून सुरू होत नसे, घरातल्या माणसांपासून होई. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठ्यांत स्वतःच्या कष्टाने काय काय पिकवता येईल, असा तो प्रश्न. पालापाचोळा कुजवून माती तयार करायची, ती ढिगाने रचायची आणि त्या ढिगावरच लावायचे. दीपक सुचदे यांनी ते काम ‘अमृतमिट्टी’च्या रूपाने पुढे नेले. तिचा ढीग दहा फूट लांब, तीन फूट रुंद, फूटभर उंच. पुन्हा गादीवाफाच. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी रसवंतीची उसाची चिपाडे वापरून गच्चीवर भाजी काढली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली. दाभोळकरांचा विचार शहराच्या गच्चीवर पोचला तो असा.

आणि नवी मुंबईच्या शेजारी, नेरळच्या सगुणा बागेत, चंद्रशेखर भडसावळे यांनी गेल्या दशकात गादीवाफ्याला भाताच्या मुख्य शेतात नेले. ‘सगुणा राईस तंत्र’ म्हणजे एसआरटी. एकदाच नांगरून साडेचार फुटांवर कायमचे वाफे करायचे, लोखंडी साच्याने छिद्रे पाडून दाणे टोकायचे. चिखलणी नाही, आवणी नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची, म्हणजे ती कुजून माती भुसभुशीत राहते, आणि त्याच वाफ्यावर वाल किंवा भाजी घ्यायची. तण मारायला तणनाशक लागते, हा त्यातला टीकेचा मुद्दा. पण कंबर मोडणारी आवणी करायला जिथे माणसे मिळत नाहीत, त्या रायगडात हे तंत्र रुजले यात नवल नाही.

हे सगळे घराणे एका ओळीत मांडले की वाफ्याची मापे कुठून आली ते कळते. उंची पाण्याने ठरवली. रुंदी हाताने ठरवली: दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, म्हणून चार फुटांपेक्षा जास्त नाही आणि वाफ्यावर पाय कधीच द्यायचा नाही. लांबी ठरवली घरातल्या माणसांनी.

शेवटचे माप लोक विसरतात. चार फूट रुंद, आठ फूट लांब, फूटभर उंच वाफ्यात ३२ घनफूट मिश्रण मावते. दहा लिटरचे घमेले धरले तर साधारण नव्वद घमेली. ओली माती असेल तर वजन दीड टनाच्या घरात. एकट्याने सुरू केलेला वाफा निम्म्यावर राहतो तो याच हिशेबाने. जुन्या शेतकऱ्याने राब, आवणी, बांध यातले काहीच एकट्याने केले नाही. घरची माणसे कमी पडली तर सावड होती, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. सोसायटीतही चार घरांनी सावड धरली तर चार वाफे एका महिन्यात सहज उभे राहतात.

गच्चीवाल्यांनी एक गोष्ट आधी ऐकावी. माणसांनी वापरायच्या गच्चीवर भारतीय मानकानुसार चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरतात. फूटभर ओल्या मातीचा भार होतो पाचशे किलोच्या आसपास. तिथे मातीचा गादीवाफा घालू नये. चिपाडे, पाला आणि कोकोपीटचा सहा इंची हलका थर घ्यावा, आणि तोही स्ट्रक्चरल इंजिनीयरला विचारून, सोसायटीची लेखी परवानगी घेऊन.

जमिनीवर जागा असेल तर मे महिन्यात कामाला लागा. तळाशी सुका पाला, वर माती, शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. पाणी मारून आठ-दहा दिवस बसू द्या. सात जूनच्या सुमारास मृग लागतो, त्याआधी वाफा तयार हवा. पावसात भेंडी, दोडका, काकडी लावा. मेथी-पालकाची घाई नको, ती दिवाळीच्या थंडीत. फळ्यांची चौकट परवडली नाही तर कडा उतरत्या ठेवून तसाच वाफा घाला, कोकणात तो कायम तसाच होता. चर मात्र मोकळा ठेवा आणि घरच्यांना कामाच्या आदल्या दिवशी सांगून ठेवा.